पडद्याआडचे अशील

घरातल्या जुन्या पेटीत जमिनीचा उतारा किंवा वाटणीपत्र असेल, तर ते एकदा काढून पाहावे. कुठल्यातरी नावापुढे 'अज्ञान' हा शब्द आणि त्याला जोडून 'अ. पा. क.' असा शेरा आढळण्याचा संभव आहे. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. मिळकतीचा मालक अजून लहान आहे आणि त्याच्या वतीने आई, काका किंवा आजोबा व्यवहार पाहत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालचा तो अज्ञान आणि त्यापुढचा तो सज्ञान.

व्यवहारापुरते हे शब्द चालून जातात. पण साहित्याची आवड असलेल्या वाचकाने या शब्दापाशी जरा थांबावे. घरात भाऊबंदकी पेटते, नवरा-बायको वेगळी होतात, विधवा सुनेला घराबाहेर काढण्याचे घाटते. तेव्हा काय चालले आहे हे त्या 'अज्ञाना'ला पुष्कळदा सगळ्यांच्या आधी कळलेले असते. त्याला सांगायला जागा नसते, एवढेच. कोर्टात त्याचे नाव कागदावर असते आणि बोलत असतात मोठी माणसे.

ज्यांना कोर्टापर्यंत येताच येत नाही, त्यांचे म्हणणे कोणी ऐकायचे आणि कोणी मांडायचे? या एका प्रश्नावर आपली सारी वकिली उभी करणाऱ्या एका बाईंची हकीकत मी या लेखात सांगणार आहे. त्यांचे नाव कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, बालपण बेळगाव आणि पुण्याचे, पहिली वकिली पश्चिम हिंदुस्थानातली आणि आयुष्याचे मुख्य काम बंगाल-बिहारातले. त्यांच्या कामाची रीत समजून घेतली, की आजचा मुलांचा आणि कुटुंबाचा कायदाही बराच उलगडतो.

बेळगाव, पुणे, ऑक्सफर्ड

कॉर्नेलिया यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकला झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांना लहानपणी फोर्ड नावाच्या इंग्रज दांपत्याने वाढवले होते. दुसऱ्याच्या घरी वाढलेल्या या बाईंनी पुढे पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालवले. मुलीचे अगदी लहानपण बेळगावात गेले आणि मग कुटुंब पुण्यात स्थिरावले.

कायद्याकडे आपण का वळलो, याची एक आठवण त्यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंडिया कॉलिंग' या आत्मवृत्तात दिली आहे. पुण्याच्या घरी आईकडे मदत मागायला अनेक बायका येत. त्यांत काठियावाडकडची एक श्रीमंत पडदानशीन विधवा होती. तिच्या कारभाऱ्याने कागदावर सही घेऊन तिची मिळकतच गिळली होती. कारभारी पुरुष, वकील पुरुष, न्यायाधीशही पुरुष. आणि ती परपुरुषासमोर येत नसे. बिचारीने दाद मागायची तरी कोणापाशी? आईने मुलीला सुचवले, की अशा बायकांना मदत करायची असेल तर कायदा शीक.

सुचवणे सोपे होते. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर ठरल्या. पदवी परीक्षेतल्या गुणांवर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती आपल्याला मिळायला हवी होती, पण स्त्री म्हणून ती नाकारली गेली, असे त्यांनी नमूद केले आहे. मग काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवले. तेही मुलांच्या वर्गांना. इंग्लंडमधल्या काही मंडळींनी वर्गणी जमवली. वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या, सर विल्यम वेडरबर्न होते. १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. १८९२ साली विद्यापीठाने खास ठराव करून त्यांना बी.सी.एल. या कायद्याच्या परीक्षेला बसू दिले. तोवर तेथे कोणतीही स्त्री त्या परीक्षेला बसली नव्हती. परीक्षा झाली, पण पदवी मिळाली नाही. कारण ऑक्सफर्ड त्या काळी स्त्रियांना पदवीच देत नसे. ती त्यांच्या हातात पडली १९२२ साली, म्हणजे तीस वर्षांनी.

हिंदुस्थानात परतल्यावरही तोच अनुभव. १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एलएल.बी.ची परीक्षा, १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा. तरी सनद नाही. मधल्या काळात फटींतून जे काम मिळेल ते त्यांनी केले. फौजदारी प्रकरणात न्यायाधीशाच्या परवानगीने वकील नसलेला माणूसही आरोपीची बाजू मांडू शकत असे. त्या सवलतीचा आधार घेऊन १८९६ साली पुण्यात नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेल्या एका बाईची बाजू त्यांनी मांडली आणि ती बाई सुटली. काठियावाड आणि इंदूर येथील ब्रिटिश एजंटांसमोर पडदानशीन स्त्रियांच्या वतीने कैफियती दाखल करण्याची खास परवानगीही त्यांना होती. इंदूरच्या वाचकांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

वैद्याला दार उघडले, वकिलाला नाही

ज्या १८८९ साली कॉर्नेलिया इंग्लंडला गेल्या, त्याच साली आपल्याकडची आणखी एक बाई वैद्यकी शिकायला लंडनला गेली. त्या रखमाबाई. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायचे त्यांनी नाकारले, त्यावरून मुंबई हायकोर्टात दावा चालला आणि तुरुंगाची धमकी मिळाली तरी त्या बधल्या नाहीत. पुढे डॉक्टर होऊन त्यांनी सुरतेला आणि राजकोटला काम केले.

ही जोडी मला महत्त्वाची वाटते. पडद्यातल्या आजारी बाईला पुरुष डॉक्टरने तपासायचे कसे, या अडचणीवर सरकारदरबारी उपाय निघाला होता. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना स्त्री वैद्यांची मदत पुरवणारा निधी उभा राहिला. मग त्याच बाईच्या मिळकतीला आणि मुलांना धोका असेल, तर तिच्याकडे स्त्री वकील का जाऊ नये? युक्तिवाद अगदी तोच होता. तरी तो मान्य व्हायला आणखी जवळजवळ वीस वर्षे लागली. दुखणे दिसते म्हणून त्याची कीव येते. कागदावरची फसवणूक बाहेरून दिसत नाही.

१९०२ पासून कॉर्नेलिया यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसपाशी या मागणीचा पाठपुरावा केला. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये 'लेडी असिस्टंट' म्हणून त्यांची नेमणूक झाली. बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम एवढा मुलूख त्यांच्याकडे आला.

कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स म्हणजे काय

नावात कोर्ट असले तरी हे न्यायालय नव्हते. ते महसूल खात्याचे काम होते. जमीनदार वारला आणि मागे अज्ञान मूल किंवा कारभार चालवू न शकणारी विधवा राहिली, की सरकार ती इस्टेट आपल्या ताब्यात घेई. व्यवस्थापक नेमून वसूल गोळा करी, कर्ज फेडी, सारा भरी आणि वारसाच्या पालनपोषणाची व शिक्षणाची सोय लावी. बंगालात यासाठी १८७९ चा कायदा होता.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरच्या वाचकांना ही कल्पना नवी नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन सयाजीराव महाराज झाला, तेव्हा राज्याचा कारभार दिवाण राजा सर टी. माधवरावांच्या हाती होता. महाराजांना अधिकार मिळाले १८८१ च्या अखेरीस. ग्वाल्हेरला १८८६ साली माधवराव शिंदे गादीवर आले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि राज्य कौन्सिलने चालवले. संस्थानात जे रीजन्सीने होत असे, तेच ब्रिटिश मुलखातल्या जमीनदारीत कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स करी.

एक लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्यात वय अठराचे होते. पण ज्याची मिळकत कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सकडे आहे किंवा ज्याला कोर्टाने पालक नेमला आहे, तो मात्र एकविसाव्या वर्षी सज्ञान होई. हा भेद पुढे सव्वाशे वर्षांच्या आसपास टिकला आणि १९९९ च्या दुरुस्तीने गेला.

या व्यवस्थेत हिशेब चोख राहत. वसूल किती, कर्ज किती, सारा भरला की नाही, हे वहीत असे. मात्र ज्याच्या नावाने हा सारा हिशेब, तो मुलगा वाड्याच्या आतल्या भागात नीट जेवतो का, त्याला कोण शिकवते, त्याच्या आईला महिन्याची नेमणूक खरोखर पोचते का, हे वहीत नसे. पुरुष अधिकारी अंतःपुराच्या उंबऱ्यापर्यंत जाई आणि पडद्याआडून जो आवाज येईल त्यावर विश्वास ठेवी. तो आवाज त्या विधवेचाच होता की तिच्या जागी बसवलेल्या दुसऱ्या बाईचा, हे त्याला कसे कळणार?

उंबऱ्याच्या आत

कॉर्नेलिया यांचे काम नेमके तेथे सुरू होई. आगगाडी, होडी, पालखी, जे मिळेल त्याने त्या प्रवास करीत आणि थेट आत जाऊन बसत. विधवा राणीशी, सासूशी, दासींशी आणि मुलांशी बोलत. नेमणुकीची रक्कम, दत्तकाचा वाद, मुलाची शाळा, मुलीचे लग्न, सासू-सुनांचे वैर, आजारपण असे सगळे त्यांच्यापुढे येई. मग त्यातले कायद्याचे काय आणि समजुतीचे काय हे त्या वेगळे करीत आणि सरकारकडे अहवाल देत.

इंग्रजी कायद्यात एक जुने तत्त्व आहे : मूल मेल्यावर मिळकत ज्याला मिळणार, त्याच्या हाती त्या मुलाचा जीव देऊ नये. पैसा सांभाळायला तो कदाचित चालेल, पण मूल सांभाळायला नको. आपल्या एकत्र कुटुंबात हे ऐकायला कठोर वाटते, कारण आपल्याकडे काकाच बापाच्या जागी असतो आणि बहुतेक काका ती जागा प्रामाणिकपणे निभावतात. पण मोठ्या इस्टेटींत विषप्रयोगाचे संशय हे कादंबरीतले प्रकरण नव्हते. कॉर्नेलिया यांच्या लेखनात असे प्रसंग येतात. अशा वेळी मुलाला कोणाच्या हातचे खायला मिळते हाच कायद्याचा पहिला प्रश्न होतो.

सहीचा प्रश्नही तसाच. पडदानशीन स्त्रीकडून करून घेतलेल्या दस्ताबाबत प्रिव्ही कौन्सिलने एक नियम पक्का केला होता. ज्याला त्या दस्ताचा फायदा मिळतो, त्यानेच सिद्ध करायचे, की बाईला मजकूर समजला होता आणि तिने आपखुशीने, शक्य तर स्वतंत्र सल्ला घेऊन सही केली होती. नियम उत्तम; पण 'स्वतंत्र सल्ला' देणारा माणूस तिच्यापर्यंत पोचणार कसा? कारभाऱ्यानेच आणलेला वकील स्वतंत्र कसा म्हणायचा? कॉर्नेलिया यांच्या नेमणुकीने त्या नियमाला प्रथमच हातपाय फुटले.

१९०४ ते १९२२ या अठरा वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया आणि पोरक्या मुलांना त्यांची मदत झाली, असे मानले जाते. १९०९ साली त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले. वकील म्हणून मात्र त्यांना उशिराच मान्यता मिळाली. अलाहाबाद हायकोर्टाने १९२१ साली त्यांची नोंद केली. १९२३ साली स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा झाला, त्याच वर्षी लंडनच्या लिंकन्स इनने त्यांना बॅरिस्टर केले आणि मग त्या कलकत्ता हायकोर्टात उभ्या राहिल्या. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्नच्या घरात होते. १९२९ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये वारल्या.

दोन मर्यादा

त्यांचे गुणगान करताना दोन गोष्टी झाकून ठेवणे बरे नाही.

पहिली त्यांची स्वतःची. ब्रिटिश राज्यावर त्यांची निष्ठा होती आणि गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. कॅथरिन मेयो यांच्या १९२७ च्या 'मदर इंडिया' या पुस्तकाची त्यांनी बाजू घेतली, तेव्हा त्यांची अनेक जुनी नाती तुटली. स्वतंत्र भारताने त्यांना फारसे आठवले नाही याचे हे एक कारण.

दुसरी त्या खात्याची. कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स होते ते इस्टेटवाल्यांसाठी, आणि सरकारचा डोळा मुख्यतः साऱ्यावर होता. कुळाचे पोर पोरके झाले तर त्याच्यासाठी कोणतेही कोर्ट नव्हते. त्या पोरासाठी जे झाले ते समाजातल्या माणसांनी केले. महात्मा फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी तेथे जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला. सरकारी संरक्षण आणि समाजाची माया या दोन्हींची गरज असते. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

आज काय आहे

आता तुमच्या-आमच्या घराकडे येऊ. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आजही चालू आहे. पालक नेमताना मुलाचे कल्याण पाहावे, आणि मूल समजुतीने आवड सांगण्याइतके मोठे असेल तर ती आवड विचारात घ्यावी, असे त्याच्या १७ व्या कलमात आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच कायद्याने 'अज्ञाना'चे म्हणणे ऐकण्याची जागा ठेवली होती, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

१९५६ चा अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा हिंदूंप्रमाणेच बौद्ध, शीख आणि आम्हा जैनांनाही लागू आहे. त्यातल्या तीन गोष्टी प्रत्येक घराला माहीत हव्यात.

पहिली : मुलाचे कल्याण सर्वांत वरचढ. आई किंवा बाप यांचा हक्क त्याच्या खाली. पाच वर्षांपर्यंतचे मूल सामान्यतः आईकडे राहावे असेही हा कायदा सांगतो.

दुसरी : मुलाच्या स्वतःच्या नावावरची जमीन किंवा घर, कोर्टाची आधी परवानगी घेतल्याशिवाय, बापालासुद्धा विकता येत नाही. विकले तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागू शकते. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्शाला मात्र हा नियम लागत नाही, तेथे कर्त्याचे अधिकार वेगळे आहेत.

तिसरी : कायद्यात बापाला पहिला आणि 'त्याच्यानंतर' आईला नैसर्गिक पालक म्हटले होते. गीता हरिहरन यांच्या प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की 'त्याच्यानंतर' म्हणजे केवळ त्याच्या मृत्यूनंतर नव्हे. बाप प्रत्यक्षात मुलाकडे पाहत नसेल, तर त्याच्या हयातीतही आई पालक ठरते.

गोव्याच्या वाचकांची वाट थोडी निराळी. तेथे कौटुंबिक बाबतींत पोर्तुगीज काळापासूनचा समान दिवाणी कायदा चालत आला आहे. मात्र २००३ साली गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्याखाली बाल न्यायालय स्थापन झाले.

१९८४ च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालये आली. तेथे समुपदेशक असतात, आणि न्यायाधीश आपल्या दालनात मुलाशी एकांतात बोलू शकतात. पण आईचा वकील असतो, बापाचा असतो. मुलाचा स्वतःचा वकील बहुतेक प्रकरणांत नसतोच. इंग्लंडने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. मारिया कॉलवेल नावाची लहान मुलगी आत्याच्या घरी सुखाने वाढत होती. तिला आईकडे परत पाठवण्याचा हुकूम झाला आणि जानेवारी १९७३ मध्ये सावत्र बापाच्या मारहाणीत ती दगावली. त्या हुकमाच्या वेळी तिच्या बाजूने बोलणारे स्वतंत्र माणूस कोर्टात नव्हते. चौकशी झाली आणि १९७५ च्या कायद्याने अशा प्रकरणांत मुलाला आईबापांपासून वेगळा प्रतिनिधी देण्याची सोय केली. आज तेथे केवळ मुलांची बाजू मांडण्यातच आयुष्य घालवणारे बॅरिस्टर आहेत. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ साली स्वीकारला. त्याच्या बाराव्या कलमातही मुलाला आपल्याविषयीच्या निर्णयात आपले मत सांगण्याचा हक्क आहे.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. आमच्या शाखेत रुग्णाची हकीकत त्याच्याच शब्दांत लिहून घेण्याची शिस्त आहे. मूल आणले की पंचाईत होते, कारण सगळे आईच सांगते. पोट दुखते, झोपेत दचकते, शाळेत जायचे म्हटले की उलटी होते. तपासण्यांत काही निघत नाही. मग आईला जरा थांबवून मुलाला विचारावे लागते, आणि विचारून गप्प बसावे लागते. कधीकधी पाच मिनिटांनी ते म्हणते, "आजोबांकडे राहायचंय." औषधाच्या वहीत ते वाक्य कुठे लिहायचे असा प्रश्न पडतो, पण दुखण्याचे मूळ तेथेच असते.

तुमच्या नात्यात वाटणीचा, ताब्याचा किंवा दत्तकाचा प्रश्न निघाला, तर तीन कामे करता येतील. मृत्युपत्र करताना मुलांसाठी पालक कोण, हे नाव घालून लिहून ठेवा; आईबाप दोघांनीही लिहा. मुलाच्या नावाच्या मिळकतीला हात लावण्याआधी कोर्टाची परवानगी घ्या. आणि बैठक बसण्यापूर्वी घरातल्या एका शहाण्या, ज्याचा त्यात काही लाभ नाही अशा माणसाला त्या मुलापाशी पाठवा. आत्या असेल, मावशी असेल, शाळेतल्या बाई असतील. तिने जाऊन बसावे, ऐकावे आणि मुलाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत बैठकीत सांगावे. मुलाला घरातच मार किंवा धोका असेल, तर बैठकीची वाट पाहू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फुकट लागतो.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा अर्धपुतळा २०१२ साली लिंकन्स इनमध्ये बसवला गेला. बेळगावात आणि पुण्यात त्यांची ओळख नव्या पिढीला अजून करून द्यायची आहे. ते काम आपल्यासारख्या साहित्यसंस्थांनी हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे.